वजनाचा आकडा मोठ्यानं वाचू नका: शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

विषय: शाळेतली वजन तपासणी आणि मुलांमधला लठ्ठपणा

माननीय मुख्याध्यापक, शिक्षक आणि संस्थाचालक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलांना रांगेत उभं करायचं, एकानं वजनाचा आकडा मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं तो वहीत उतरवायचा, ही पद्धत बंद करा. ही या पत्रातली पहिली मागणी. ‘वजन जास्त आहे, लक्ष द्यावे’ असा एका ओळीचा शेरा मारलेलं कार्ड मुलाच्याच दप्तरातून घरी धाडणं थांबवा, ही दुसरी. आणि त्यातून वाचणारी शक्ती शाळेचा दिवस थोडा बदलण्यात घाला, ही तिसरी. पत्र लांबलंय ते या तिसरीमुळे.

मी मुलांची डॉक्टर आहे. तपासणीनंतरच्या आठवड्यांत ती कार्डं घेऊन आलेले पालक मला भेटतात. काही धास्तावलेले असतात, काही शाळेवर उखडलेले. ‘आमच्या घरात सगळ्यांचीच अंगकाठी अशी’, ‘वयात आला की उंच होईल, आपोआप उतरेल’ असं सांगतात आणि शेरा चुकीचा आहे असं मी लिहून द्यावं, अशी त्यांची अपेक्षा असते. मूल खाली मान घालून बसलेलं असतं. आकडा त्याला पाठ असतो, कारण तो अख्ख्या वर्गाला पाठ झालेला असतो.

तुमचा हेतू मला कळतो. लठ्ठपणा ही खरोखरच काळजीची गोष्ट आहे आणि ‘गुटगुटीत आहे, असू दे’ म्हणून सोडून देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात ५ ते १९ वयोगटातल्या ३९ कोटींहून अधिक मुलामुलींचं वजन प्रमाणाबाहेर होतं आणि त्यातली १६ कोटी लठ्ठपणाच्या गटात मोडत होती. १९९० मध्ये या वयातली साधारण २ टक्के मुलं लठ्ठ होती, २०२२ मध्ये ८ टक्के. २०२५ मध्ये युनिसेफनं जाहीर केलं की शाळकरी वयात लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा पहिल्यांदाच जास्त झालंय. मुलं खंगतात म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या काळजी केली. आता काटा दुसऱ्या बाजूला झुकलाय.

याचे परिणाम पुढे कधीतरी, चाळिशीत दिसतील असा एक समज आहे. तसं नाही. टाइप २ मधुमेह, ज्याला एके काळी मोठ्यांचा मधुमेह म्हणायचे, तो आता बारा-तेरा वर्षांच्या मुलांत सापडतो. यकृतात चरबी साठते आणि बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. रक्तदाब वाढतो. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा काळपट पट्टा उमटतो. तो मळ समजून मुलाला घासून घासून आंघोळ घालतात. पण ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते आणि साबणानं जात नाही. रात्री घोरणं, झोपेत श्वास अडखळणं आणि मग दिवसा वर्गात पेंगणं, याला तुम्ही अनेकदा आळस म्हणता. वाढत्या वयातल्या जड मुलाचा गुडघा किंवा मांडी दुखत असेल आणि ते लंगडत असेल, तर खुब्याच्या हाडाचं टोक सांध्याजवळ घसरलेलं असू शकतं. ती तातडीची गोष्ट आहे. अशा मुलाला ‘पळायचा कंटाळा म्हणून नाटक करतोस’ म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या तर पाय कायमचा अधू होण्याची भीती असते.

म्हणजे दुर्लक्ष नको हे आपलं दोघांचं एकमत. वाद आहे तो उपायाबद्दल.

ताप मोजून ताप उतरत नाही, हे आपल्याला पटतं. वजनाच्या बाबतीत मात्र आपण समजतो की आकडा सांगितला, पालकांना कळवलं, की पुढचं काम आपोआप होईल. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यानं २००३ मध्ये कायदा करून शाळेत मुलांची उंची-वजनं घ्यायला आणि त्यावरून काढलेला बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) घरी कळवायला सुरुवात केली. पुढे इतर राज्यांनीही ती वाट धरली. याचा खरोखर उपयोग होतो का, हे कॅलिफोर्नियात नीट तपासलं गेलं. ७९ शाळा, तिसरी ते आठवीची अठ्ठावीस हजारांहून अधिक मुलं. शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. काही शाळांत वजन घेऊन घरी कळवलं, काहींत नुसतं वजन घेतलं, काहींत यातलं काहीच केलं नाही. निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की घरी कळवल्यानं जास्त वजनाच्या मुलांच्या वजनात काहीही फरक पडला नव्हता. फरक पडला तो दुसरीकडे. ज्या शाळांत वजनं घेतली गेली, तिथल्या मुलांत स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी अधिक वाढली.

मला या निष्कर्षाचं आश्चर्य वाटलं नाही. कार्ड हातात पडल्यावर घरी काय होतं याची कल्पना करा. पालकांना काय करायचं ते त्या ओळीत लिहिलेलं नसतं, म्हणून जे सुचतं ते होतं: ताटातलं कमी करणं, भावंडासमोर बोलणं, ‘बघ, शाळेतूनही आलं लिहून’. मूल मग चोरून खायला शिकतं. वजनावरून चिडवल्या गेलेल्या मुलांचं वजन पुढच्या काळात अधिक वाढलेलं दिसतं, हे अनेक ठिकाणच्या पाहण्यांत आढळलंय. लाज वाटल्यानं मूल सुधारेल हा मोठ्यांचा भ्रम आहे. लाजेनं मूल मैदान टाळतं, पोहण्याचा तास बुडवतं आणि एकटं बसून खातं.

आणि ही लाज मुलं किती लवकर शिकतात! १९६१ मध्ये अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रं दाखवली होती. एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेलं, एक चाकाच्या खुर्चीतलं, एकाचा हात नसलेला, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग आणि एक जाड मूल. यातलं तुला सर्वांत जास्त कोण आवडेल, मग त्या खालोखाल कोण, असं विचारत गेले. जाड मुलाचा नंबर शेवटचा लागला. हाच प्रयोग पुन्हा केला गेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या मुलाची नावड आणखी वाढलेली होती. चाळीस वर्षांत जाड मुलांची संख्या वाढली, सवय होऊन तरी स्वीकार वाढेल असं वाटावं, पण उलट झालं. तुमच्या वर्गात हे आधीच चालू असतं. त्यात शाळेनं आकडा जाहीर केला की चिडवणाऱ्यांना अधिकृत पुरावा मिळतो.

‘पण मॅडम, खातंच किती ते मूल!’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मी स्वतः ऐकलंय. त्यामागे एक गृहीत आहे: बाकीची मुलं मनावर ताबा ठेवतात, हे ठेवत नाही. भूक ही इच्छाशक्तीची बाब आहे असं मानणाऱ्यांनी १९९७ सालची एक नोंद जाणून घ्यावी. केंब्रिजच्या डॉक्टरांकडे एकाच कुटुंबातली दोन चुलत-मावस भावंडं होती. जन्मताना दोघांचं वजन नेहमीसारखं. मग आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची झाली आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. दोघांची भूक भागतच नसे. तपासात दिसलं की त्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. लेप्टिन म्हणजे ‘साठा पुरेसा आहे, आता थांब’ असा निरोप चरबीकडून मेंदूकडे नेणारं हार्मोन. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली. तिचं खाणं आपोआप कमी झालं आणि वर्षभरात १६ किलोंहून अधिक वजन उतरलं. तिला कोणी शिस्त लावली नव्हती, मन घट्ट करायला सांगितलं नव्हतं.

असा आजार फार थोड्यांना असतो, हे लगेच सांगते, नाहीतर उद्या प्रत्येक जण लेप्टिनची तपासणी मागेल. पण त्या दोन मुलांनी दाखवून दिलेली गोष्ट सगळ्यांना लागू आहे: भुकेचा लगाम मेंदूत आहे आणि तो प्रत्येकाचा सारखा नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मग कोणी विचारेल, जनुकं तर १९९० मध्येही हीच होती, मग मुलं आत्ताच का जाड झाली? बरोबर. जनुकं तीच आहेत. मुलांभोवतीचा दिवस बदलला. गोड पेयं स्वस्त आणि हाताशी आली, खेळायच्या जागा गेल्या, झोप घटली, मोबाइलचा पडदा खिशात आला. ज्याचा लगाम आधीच सैल, ते मूल या बदलात सर्वांत आधी सापडलं. म्हणून मुलाला दुरुस्त करण्याआधी दिवस दुरुस्त करायला हवा आणि मुलाच्या जागेपणीच्या दिवसाचा मोठा तुकडा तुमच्या हातात आहे.

सुरुवात पाण्यानं करा. हे वाचून काहींना हसू येईल. जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेन या शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या ३२ प्राथमिक शाळा आणि जवळपास तीन हजार मुलं घेऊन एक साधा प्रयोग झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत पिण्याच्या पाण्याची चांगली सोय केली, मुलांना बाटल्या दिल्या आणि पाण्याविषयी चार तास घेतले. खाण्याबद्दल, व्यायामाबद्दल अवाक्षर नाही. शाळेच्या वर्षाअखेरीस त्या मुलांचं वजन प्रमाणाबाहेर जाण्याची शक्यता इतर शाळांच्या तुलनेत ३१ टक्के कमी होती. तुमच्या शाळेतल्या नळाचं पाणी तुम्ही स्वतः पिता का? मुलांच्या बाटल्या मधल्या सुट्टीपर्यंत रिकाम्या झाल्या की त्या पुन्हा भरायला स्वच्छ, थंड, रांग न लागणारी जागा आहे का? स्वच्छतागृह वापरण्यासारखं आहे का? तेही विचारते, कारण ते नसेल तर मुली पाणी पीतच नाहीत.

पाण्याचा दुसरा फायदा म्हणजे ते गोड पेयाची जागा घेतं. नेदरलँड्समध्ये पाच ते अकरा वर्षांच्या ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलिलिटर पेय दिलं. निम्म्यांच्या डब्यात साखर होती, निम्म्यांच्या डब्यात साखरेविना गोड केलेलं तेच पेय. कोणाला काय मिळतंय हे मुलांनाही माहीत नव्हतं आणि देणाऱ्यांनाही. बाकी सगळं जसं होतं तसं. दीड वर्षानं साखरेच्या गटातल्या मुलांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी एका किलोनं जास्त वाढलं होतं. रोजचा एक डबा, बस. अशा पेयांत १०० मिलिलिटरमागे साधारण १० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमलं तर ५ टक्क्यांच्या. दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे २० ग्रॅम. एका डब्यात ती मर्यादा ओलांडली जाते. डबाबंद रसही याच हिशेबात येतो. ‘फळांचाच तर आहे’ म्हणून त्याला सूट देऊ नका. अख्खं फळ चावायला वेळ लागतो, त्यातला चोथा पोट भरतो. रस ग्लासभर घोटला तरी पोटाला पत्ता लागत नाही.

कॅन्टीनमधून ही पेयं काढून टाका. अर्धवट नको. ‘शुक्रवारी चालेल’ असंही नको. चिलीनं २०१६ मध्ये हा नियम देशभर लावला. साखर, मीठ, चरबी ठरावीक मर्यादेबाहेर असलेल्या वेष्टनांवर काळे अष्टकोनी शिक्के आले आणि शिक्का असलेली वस्तू शाळेत विकायला बंदी झाली. तुम्हाला कायद्याची वाट बघायची गरज नाही, कॅन्टीनचा करार तुमच्याच सहीनं होतो. त्याच सहीनं क्रीडादिनाचे प्रायोजकही ठरतात. धावण्याच्या शर्यतीत जिंकलेल्या मुलाच्या छातीवर शीतपेयाचं नाव आणि हातात त्याच कंपनीची बाटली, हे चित्र बघून मला खरंच राग येतो. निधीची अडचण मला माहीत आहे. तरीही नको.

बक्षीस म्हणून गोळ्या-चॉकलेट वाटण्याची सवयही सोडा, ती तर फुकट सुटते. शाबासकी म्हणजे गोड खाऊ हे समीकरण एकदा बसलं की पुढे दुःखातही हात तिकडेच जातो.

आता हालचाल. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी आणि आठवड्यातले किमान तीन दिवस जोरदार, हाडं-स्नायू बळकट करणारी. हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये पुन्हा सांगितलं. आता आपलं वेळापत्रक काढा. पीटीचा तास कागदावर किती वेळा आहे आणि गणिताचा भाग राहिला म्हणून, परीक्षा जवळ आली म्हणून, स्नेहसंमेलनाची तयारी म्हणून त्यातले किती तास गेले? जे तास उरले त्यात एक मूल प्रत्यक्षात किती मिनिटं हललं? चाळीस मुलं, एक चेंडू, रांग लावून आपापली पाळी येण्याची वाट बघणं. जड मूल बाद होण्याच्या खेळात सर्वांत आधी बाद होतं आणि उरलेला तास कडेला बसून काढतं. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, त्याला सर्वांत कमी मिळते. असे खेळ बदला. बाद झालेलं मूल दोन मिनिटांत परत आत येईल असा नियम करायला पैसे लागत नाहीत.

स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग इथल्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी २०१२ मध्ये एक गोष्ट सुरू केली. रोज पंधरा मिनिटं वर्ग बाहेर काढायचा, मुलांनी आहेत त्याच कपड्यांत आपापल्या गतीनं धावायचं किंवा चालायचं, आणि परत वर्गात. स्पर्धा नाही, वेळ मोजणं नाही, साहित्य नाही. ‘डेली माइल’ नावानं ती अनेक देशांत पसरली. मुलांचा दम वाढल्याचं अभ्यासात दिसलं. मला त्यातलं सर्वांत आवडलेलं हे की शेवटी पोहोचणारं मूल कोणतं हे कळतच नाही, कारण शेवट रेषेनं होत नाही, वेळेनं होतो. आणि एक विनंती: गृहपाठ झाला नाही म्हणून मधली सुट्टी बंद करण्याची शिक्षा देऊ नका. जी मुलं सर्वांत चुळबुळी, त्यांचीच हालचाल आपण कापतो.

झोपेचा आणि लठ्ठपणाचा संबंध पालकांना सांगितला की ते अविश्वासानं बघतात. जास्त झोपलं की जाड होतं, असंच सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मुलांच्या बाबतीत उलट आहे. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते, गोड-तळलेल्याकडे ओढ वाढते आणि जागेपणी खायला वेळही जास्त मिळतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप हवी, तेरा ते अठराला ८ ते १०. शाळेची बस पहाटे निघणार असेल आणि गृहपाठाचा संदेश पालकांच्या मोबाइलवर रात्री नऊ वाजता येणार असेल, तर हा हिशेब कसा बसायचा? शाळेची वेळ बदलणं अवघड आहे, मान्य. रात्रीचे संदेश थांबवणं अवघड नाही.

‘संतुलित आहार’ या विषयावरची भाषणं, तक्ते, भित्तिपत्रक स्पर्धा याबद्दल मी फार लिहीत नाही. करा, बिघडत काही नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याहून मोठ्या कार्यक्रमांनाही मर्यादा असतात हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंग्लंडमध्ये ५४ प्राथमिक शाळांत वर्षभर जादा हालचाल, पालकांसोबत स्वयंपाकाच्या कार्यशाळा असं बरंच काही केलं गेलं. २०१८ मध्ये निकाल आले, तेव्हा वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे काम शाळेला एकटीला झेपणारं नाही. घर, बाजार, जाहिराती, रस्ते सगळं त्यात येतं.

तरीही शाळेचं पारडं हलकं नाही. अमेरिकेत सुमारे अठरा हजार मुलांची बालवर्गापासून दुसरीच्या अखेरपर्यंत वजनं घेतली. त्या काळात लठ्ठ मुलांचं प्रमाण ८.९ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर गेलं. ही सगळी वाढ उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्यांत झाली. शाळा चालू असताना वाढ नाही. म्हणजे ठरलेल्या वेळी उठणं, ठरलेल्या वेळी खाणं, हाताशी खाऊ नसणं, हे शाळेचं नुसतं असणंच मुलांचं रक्षण करतं. म्हणून सुट्टीत मैदानाचं फाटक उघडं ठेवायचा विचार करा. रखवालदार आहेच, दोन तासांसाठी एखादा माजी विद्यार्थी देखरेखीला सहज मिळेल.

आता ज्या मुलांना आधीच लठ्ठपणा आहे त्यांच्याविषयी. इथे शाळेनं उपचार करायचे नाहीत, पण उपचारात आडवंही यायचं नाही. दवाखान्यात काय होतं हे थोडं सांगते, म्हणजे आडवं येणं म्हणजे काय ते कळेल. आम्ही एका आकड्यावरून काहीच ठरवत नाही. मोठ्यांचा बीएमआय २५, ३० अशा ठरलेल्या आकड्यांनी मोजतात. मुलांचा वयागणिक बदलतो. पहिल्या वर्षात वाढतो, मग उतरत उतरत पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत खाली जातो आणि पुन्हा चढायला लागतो. ही चढण वेळेआधी, तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू झाली तर पुढच्या लठ्ठपणाची ती पूर्वसूचना असते. म्हणून वय, उंची, वजन आलेखावर मांडून दोन-तीन वर्षांची रेघ बघावी लागते. उंचीचं विशेष महत्त्व. खाण्यापिण्यातून आलेल्या लठ्ठपणात मूल सहसा वयाच्या मानानं उंच असतं. मूल जाड आहे पण उंची खुंटलीय, असं दिसलं की थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथींचा आजार शोधायला लागतो. तुमच्या कार्डावर नुसतं वजन असतं, त्यामुळे यातलं काहीच कळत नाही.

वाढत्या मुलाचं वजन उतरवणं हे बहुतेक वेळा आमचं ध्येयच नसतं. वजन आहे तिथे रोखलं आणि उंची वाढत राहिली, तर वर्षा-दीड वर्षात प्रमाण आपोआप सुधारतं. खूप जास्त लठ्ठपणा असेल तर गोष्ट वेगळी. उपाशी ठेवणं, जेवण वगळणं, मोठ्यांचं ‘डाएट’ मुलावर लादणं यातलं काही नाही. सगळ्या घराचं खाणं, झोप, पडद्याचा वेळ बदलतो. जाड मुलाला वेगळं ताट आणि सडपातळ भावंडाला वेगळं, असं केलं की उपचार तिथेच संपला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की थांबून वाट बघण्यात अर्थ नाही. तीन ते बारा महिन्यांत मुलाला आणि कुटुंबाला मिळून किमान २६ तासांचं प्रत्यक्ष मार्गदर्शन व्हायला हवं, बारा वर्षांपुढे गरजेप्रमाणे औषधांचा आणि तीव्र लठ्ठपणात तेरा वर्षांपुढे शस्त्रक्रियेचाही विचार करावा. २६ तास! एका ओळीच्या शेऱ्याशी तुलना करून बघा.

या काळात मूल शाळेत येत असतं. त्याचा डबा बघून ‘आज काय, डाएट का?’ असं विचारू नका. वजन घटलं तरी वर्गात कौतुक करू नका, कारण ते पुन्हा वाढेल तेव्हा त्या मुलाला वाटणारी शरम तुमच्या कौतुकाइतकीच मोठी असेल. कौतुक करायचंच तर आठवडाभर रोज मैदानात उतरला याचं करा. गणवेश मागवताना मोठी मापं आधीच मागवून ठेवा, म्हणजे त्याला सगळ्यांसमोर ‘तुझ्या मापाचा आला नाही’ असं ऐकावं लागणार नाही. शिक्षकांनी टोपणनाव वापरू नये हे लिहायची खरं तर गरज पडायला नको होती.

वजन घ्यावंच लागत असेल, शासनाचा नियम असेल किंवा विश्वस्तांचा आग्रह असेल, तर वेगळ्या खोलीत एकेका मुलाचं घ्या. काट्याचा आकडा मुलाला दिसणार नाही असा काटा ठेवा आणि तो आकडा बोलू नका, लिहा. उंची बूट काढून, नीट, त्याच दिवशी घ्या. सर्व मुलांची नोंद सारख्याच बंद पाकिटात थेट पालकांच्या हाती द्या, फक्त जाड मुलांची नको. नाहीतर पाकीट मिळालं हीच बातमी होते. ज्यांना पुढे दाखवायला हवं त्यांच्या पालकांना एकटं बोलवा आणि कोणत्या डॉक्टरकडे जायचं, काय विचारायचं हे सांगा. ते सांगण्याची सोय शाळेकडे नसेल तर वजनं घेऊच नका.

यातल्या बहुतेक गोष्टींना बैठका, ठराव, मंजुऱ्या लागतील आणि पुढचं सत्र उजाडेल. एक मात्र लगेच होण्यासारखं आहे. खेळासाठी दोन कप्तानांना एकेक गडी निवडायला सांगू नका. त्यात शेवटी कोण उरतं हे तुम्हालाही माहीत आहे. उद्याच्या पीटीच्या तासाला शिक्षकांनी स्वतः हजेरीपट पाहून दोन संघ पाडावेत.

आपली,
मुलांची एक डॉक्टर